बाल्डरसाठी रडायचं होतं

"कुमुद, दरवाजा अजून बरोबर रडून नाही राह्यला," डिगूभाऊ म्हणाले. "हळू ओढ जरा. त्याला दुःख झालं आहे, त्याला बस नाही पकडायची."

मी गोदामाचा गंजका दरवाजा पुन्हा एकदा ओढला, या वेळी इंचाइंचाने. तो आधी कण्हला, मग बारीक आवाजात लांबवर काहीतरी म्हणत गेला आणि चौकटीला टेकताना हुंदका गिळल्यासारखा थांबला. डिगूभाऊंनी डोळे मिटून घेतले होते. हात वर करून त्यांनी मला तसंच उभं ठेवलं, कारण आवाज संपल्यानंतरची शांतताही त्यांना फितीवर हवी असायची. मग त्यांनी खटका दाबला आणि कपाळावरचा घाम पुसला.

"लोखंड झालं," ते म्हणाले. "आता दगड, पाणी, झाड, जनावर, माणूस."

अकोटचा मे महिना होता. पंखा लावायची सोय नव्हती, कारण पंख्याची घरघर फितीत शिरते. खिडक्यांना कापसाच्या गाठी लावलेल्या, कारण बाहेर कावळे होते, ट्रक होते, सगळं जग होतं. आम्ही दोघं डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बसायचो आणि अशा थाटात बर्फाच्या देशातल्या देवांची गोष्ट तयार करायचो. आमच्यापैकी कोणी बर्फ पाहिला असेल तर तो रसवंतीत. बर्फावरची पावलं आम्ही सरकीच्या पोत्यांवर चालून काढली. सरकी पायाखाली कुरकुरते आणि जराशी धसते. डिगूभाऊ म्हणायचे, बर्फ असाच असणार, आणि नसला तर ती बर्फाची चूक.

डिगूभाऊ खोटरे म्हणजे आमच्या गावचं एक प्रकरणच होतं. वडिलांची कापसाची जिनिंग बंद पडली तेव्हा भावांनी जमीन घेतली, घर घेतलं, आणि ह्यांनी हट्टाने मागून घेतलं ते हे गोदाम. का, तर आत टाळी वाजवली की ती तिथल्या तिथे विझते, घुमत नाही. जुन्या बाजारातून त्यांनी आवाज उतरवायची, स्पूलची दोन यंत्रं आणली आणि गावातल्या आम्हा चार नाटकवेड्यांना गोळा केलं. मी शाळेत मराठी शिकवायचे. वाचनालयातल्या एका पुस्तकात त्यांनी उत्तरेकडच्या देवांच्या कथा वाचल्या आणि त्यानंतर कित्येक दिवस ते कोणाशी बोललेच नाहीत. बोलले तेव्हा नाटक लिहून झालेलं होतं. फक्त कानांनी ऐकायचं नाटक.

त्यात अवकाशातून एक अवाढव्य जहाज चाललेलं असतं. जहाजाच्या पोटात एक झाड, आणि झाडाच्या फांद्यांवर एकाखाली एक नऊ जगं वसलेली. वर देव राहतात, म्हणजे जहाज चालवणारे. तळाला, मुळांपाशी, बर्फाचा मजला. मेलेल्यांना तिथे ठेवतात आणि हेल नावाची एक यंत्रबाई त्यांच्यावर पहारा करते. बाल्डर हा देवांचा सगळ्यात लाडका. त्याच्या आईने जहाजातल्या प्रत्येक वस्तूकडून शपथ घेतलेली असते, की माझ्या मुलाला इजा करणार नाही. एक बांडगूळ तेवढं राहून जातं, इतकंसं तर आहे म्हणून. नेमकं त्याच्याच काडीने बाल्डर मरतो. मग हेल सांगते, जहाजातली प्रत्येक गोष्ट त्याच्यासाठी रडली तर मी त्याला परत पाठवीन. एक जरी रडायची राहिली तर नाही. देवांची दूती मजल्यामजल्यावर फिरते. लोखंड रडतं, दगड रडतो, झाड रडतं. शेवटी एका कपारीत एक म्हातारी बसलेली सापडते. ती रडत नाही.

दूती मी होते. बाल्डर शिरीष होता.

होता म्हणते, कारण त्याची तेरवी नुकतीच झाली होती. शिरीष आमच्या शेजारच्या घरातला, माझ्याबरोबर चिंचा पाडत मोठा झालेला. कारकुनी करायचा. आवाज मात्र असा, की दूधवाल्याला 'उद्या अर्धा लिटर कमी घाल' म्हणाला तरी ऐकत उभं राहावं. त्याचं स्वादुपिंड सुजलं आणि त्याला नागपूरला नेलं. तिथे त्याने काय भोगलं ते आम्ही कोणी पाहिलं नाही. ते त्याच्या आईने, मोठीमायने पाहिलं. सगळी गल्ली तिला मोठीमाय म्हणायची. नवरा कधीच गेलेला, आणि घरात हा एकुलता एक.

तरी आमचं नाटक थांबलेलं नव्हतं. डिगूभाऊंची एक रीत होती. नटांना ते एकत्र कधीच बोलावत नसत. एकेकाला एकट्याने उभं करून त्याची सगळी वाक्यं उतरवून घ्यायची, आणि दोन वाक्यांच्या मध्ये समोरच्याच्या उत्तरापुरती जागा सोडायची. ती जागा ते मनातल्या मनात उत्तर म्हणून मोजायचे. पुढे फीत कापून, चिकटवून, संवाद जोडायचे. शिरीषने नागपूरला जायच्या आधीच शेवटच्या भागापर्यंतची आपली वाक्यं बोलून ठेवली होती. त्यामुळे तो गेला तेव्हा त्याचं काम पूर्ण होतं, आणि अपुरं होतं ते आमचं. तो फितीवर बोलायचा आणि थांबायचा. आमच्यापैकी कोणीतरी उत्तर द्यावं म्हणून थांबायचा. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मी गोदामाच्या बाहेर जाऊन उन्हात उभी राहिले.

मोठीमाय मात्र रडली नव्हती.

ह्याचीच गावाला धास्ती बसली होती. आमच्याकडे माणूस गेलं की बायका येतात, दारातूनच गळा काढतात आणि घरच्या बाईला मिठी मारून रडतात, तिलाही रडू फुटावं म्हणून. आल्या, रडल्या. मोठीमाय त्यांच्या पाठीवरून हात फिरवायची आणि म्हणायची, "पानी घेता का थंड?" रडायला आलेल्या बायका पाणी पिऊन परत जायच्या. तिची धाकटी बहीण कौसल्यामावशी अंजनगावहून येऊन राहिली होती. तिने मला मागच्या अंगणात गाठलं.

"कुमुद, बाई रात्रंदिवस डोळे उघडे ठेवून बसते. त्याचं ताट वाढते. काल त्याचे शर्ट धुतले तिनं, धुतलेलेच शर्ट. आमच्या चुलत सासूचं असंच झालतं. रडली नाई, अन् मग डोकं फिरलं ते फिरलंच, आखरीपर्यंत कोनाले वळखलं नाई. तू काही बी कर, माय, पन तिले रडव."

मी काय करणार होते? मी मान हलवली आणि डिगूभाऊंचा कॅसेट रेकॉर्डर खांद्याला लावून रडणं गोळा करायला निघाले.

ती दुपार अजून कधीकधी माझ्या स्वप्नात येते. गाव उन्हात निपचित पडलेलं. गावातल्या चालू जिनिंगमधून उडालेला कापूस अजून हवेत होता की माझ्या डोळ्यांपुढे काही तरंगत होतं, सांगता यायचं नाही. मी आधी पाटलाच्या विहिरीवर गेले आणि रहाट रिकामाच फिरवला. मग लोहाराच्या बायकोने मला जातं फिरवून दिलं, दाणा न घालता. दगडावर दगड घासला आणि असा काही ओरडला की तिने घाबरून खुंटा सोडला. "हे कायले पाह्यजे तुले?" तिने विचारलं.

नाटकासाठी, असं सांगायचं होतं. तोंडातून आलं, "शिरीषसाठी. सगळ्यांनी रडायचं आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग पुन्हा जात्याशी बसली आणि तिने जातं हळूहळू, बराच वेळ फिरवलं.

तिथून पुढे मी नाटकाचं नाव काढलंच नाही. गुलाबराव हॉटेलवाला, एवढा आडदांड गडी, रेकॉर्डर तोंडासमोर धरल्यावर लाजला, म्हणाला, "मले नाई येत असं रडता." आणि मग भट्टीकडे तोंड करून लहान पोरासारखा रडला. बसस्टँडवर ड्रायव्हरने मुद्दाम बसचा दरवाजा चारदा उघडमिट करून दाखवला, तो चांगला रडायचा. एका गोठ्यात पारडू मेलेली म्हैस होती. तिला काही सांगावं लागलं नाही. झिरपणाऱ्या माठाखाली परात ठेवून मी पाण्याचं रडणं घेतलं. बाभळीला डिंक आला होता, लालसर, तकतकीत. त्याचा कसला आवाज! तरीही मी रेकॉर्डर खोडाला टेकवून तशीच उभी राहिले. डिगूभाऊंनी बजावलं होतं, झाड असंच रडते, ते घेतल्याशिवाय येऊ नको.

ऊन डोक्यात गेलं म्हणा, काही म्हणा, पण बाभळीपाशी उभी असताना मला हळूहळू पटायला लागलं होतं की हे खरं आहे. कोणीतरी खालच्या मजल्यावर ही यादी बघत बसलंय. लोखंड झालं, दगड झाला, पाणी झालं, म्हैस झाली, गुलाबराव झाला. आता एकच माणूस राहिलंय. ते रडलं की पायऱ्यांवर सरकी कुरकुरेल आणि शिरीष वर येईल आणि म्हणेल, कुमे, किती घामेजलीस.

घरी आले तर मोठीमाय आमच्याच ओट्यावर बसलेली होती.

"साऱ्या गावाले रडाले सांगून राह्यली म्हनते तू," ती म्हणाली. "शिरीषसाठी. मंग माह्या घरी काहून नाई आली?"

"मोठीमाय, ते नाटकाचं..."

"कोनतं नाटक? तो रोज जाये ते?"

"हो."

"मले कवा सांगतलं नाई त्यानं. म्हने, तुले नाई समजनार, माय. सांग आता तू."

ती मला तिच्या स्वयंपाकघरात घेऊन गेली. सुपात ज्वारी होती, ती निवडू लागली, आणि मी समोर बसून तिला सगळी गोष्ट सांगितली. झाड, नऊ जगं, बांडगूळ, हेल. ती मध्येमध्ये सुपातून खडा काढून बाजूला टाकायची. बाल्डरच्या आईने साऱ्या वस्तूंकडून शपथ घेतली ते ऐकताना तिचा हात थांबला.

"बांडगूळ राह्यलं," ती म्हणाली.

"हो."

"राहून जाते एखादं. मी बी सारं केलं. नवस केला, उपास केले, डाक्तरच्या पाया पडली." तिने पुन्हा सूप हलवलं. "मंग पुढं?"

मी हेलची अट सांगितली. ती ऐकून मोठीमाय किंचित हसली. त्या दिवसांत मी तिला एवढं एकदाच हसताना पाहिलं.

"उलटंच हाय तुह्या गोष्टीत. तिथं रडलं तं मानूस येते. आमच्यात रडलं तं जाते."

"म्हणजे?"

"कौसल्या म्हनते रड, शेजारनी म्हन्तात रड, मोकळी व्हय. मी रडली म्हंजे संपलं ना सारं. म्हंजे मी मानलं का तो गेला. मी काहून मानू? अजून त्याचा टावेल वल्ला हाय असं वाटते मले." तिने हे अगदी सरळ, भाव न बदलता सांगितलं. "मंग? सारे रडले का त्या पोराले?"

"सगळे रडले. फक्त एक म्हातारी नाही रडली. ती म्हणाली, राहू द्या त्याला तिथेच."

"कोन व्हती ते?"

"पुस्तकात लिहिलंय की ती म्हातारी नव्हतीच. लोकी नावाचा एक कपटी देव होता, त्यानेच म्हातारीचं सोंग घेतलं होतं."

"पुस्तक लिहिनाऱ्यानं पाह्यलं होतं काय?"

"नाही."

"मंग त्याले काय ठाऊक." मोठीमायने सूप खाली ठेवलं. "कोन करते ते म्हातारी?"

"अजून कोणी नाही. अकोल्याहून एक बाई येणार होत्या, त्यांचं जमत नाहीये."

"मी करतो," ती म्हणाली. आमच्याकडच्या जुन्या बायका असंच बोलतात. "उद्या घेऊन चाल मले."

कौसल्यामावशीने हे ऐकलं आणि भिंतीआडून मला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गोदामात गेलो. डिगूभाऊ तिला बघून गडबडून उभेच राहिले. त्यांना मी सकाळी सगळं सांगितलं होतं, पण ती खरंच येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. तिने गाठींवरून हात फिरवला. "इथं बोलत होता का तो?" तिने विचारलं. डिगूभाऊंनी माईक दाखवला. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, आणि तिच्या लक्षात आलं की माईक तिच्यासाठी फार उंच आहे. शिरीषच्या उंचीवर होता तो. डिगूभाऊंनी पेच सैल करून तो खाली घेतला.

"वहिनी," ते म्हणाले. "हे पाहा. म्हातारीची कपार आणि मेलेल्यांचा मजला, दोघांच्या मध्ये बर्फाची एक पातळ भिंत आहे. भिंतीपलीकडून बाल्डर बोलतो. तुमच्या कानात शिरीषचा आवाज येईल. तो थांबला की तुम्ही बोलायचं. वाक्यं लिहिलेली आहेत, कुमुद तुम्हाला सांगेल. शेवटी तो विचारतो, मला न्यायला आलात का. तिथे म्हातारी नाही म्हणते."

"अन् ते रडली तं?"

डिगूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. तेही तीन दिवस झोपलेले नव्हते, ते त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं.

"रडा, वहिनी," ते एकदम म्हणाले. "मी शेवट बदलतो. मी लिहिलंय, मी बदलीन, कोण विचारतं? तुम्ही रडलात की सगळं जहाज रडलं. मग बाल्डर वर येतो. मी आणतो त्याला वर. त्याची आधीची वाक्यं आहेत माझ्याजवळ, मी ती जोडीन. रडा तुम्ही."

कौसल्यामावशी दारापाशी पोत्यावर बसली होती, तिने पदराचा बोळा तोंडाशी धरला. आम्हा तिघांनाही एकच हवं होतं, मोठीमायने रडावं. मावशीला तिचं डोकं शाबूत राहायला हवं होतं, डिगूभाऊंना शिरीष परत हवा होता, आणि मला, खरं सांगते, दोन्ही हवं होतं. पुस्तकातल्या गोष्टीचं मला काही पडलेलं नव्हतं.

मोठीमायने डोक्यावरच्या पदरावरूनच हेडफोन लावून घेतले. मी दुसरे लावले. डिगूभाऊंनी एका यंत्रावर शिरीषची फीत चालू केली, दुसऱ्यावर कोरी, दोघांचेही आवाज उतरवून घ्यायला. दोन्ही चाकं फिरू लागली.

आधी वारा आला, बर्फावरचा, म्हणजे मी डब्यात फुंकर मारून केलेला. मग शिरीष.

"कोण आहे तिथे?"

मोठीमायने दोन्ही हातांनी कान दाबले. मी तिचं वाक्य पुटपुटले, 'मी कोणी नाही, एक म्हातारी.' तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मी हावो," ती म्हणाली.

"आवाज ओळखीचा वाटतो."

"वाटंलच ना, बाप्पा."

डिगूभाऊंचा हात खटक्याकडे गेला. लिहिलेलं हे नव्हतं. पण चाकं फिरत होती आणि उत्तरांसाठी सोडलेल्या जागा एकामागून एक येत होत्या. त्यांनी हात मागे घेतला.

"इथे सगळीकडे बर्फ आहे," शिरीष म्हणाला. "पण मला थंडी वाजत नाही."

"पायावर घेतलं का काही?"

"इथे कोणी कोणाशी बोलत नाही. मी झाडाची मुळं मोजत बसतो."

"लहानपनापासून तसाच तू. चिंचेचे पानं मोजत बसे." तिचा आवाज आता बारीक झाला होता, कानाशी बोलल्यासारखा. तो तसाच कापसात मुरत होता. "अन् पोट? पोट दुखते का रे अजून?"

पुढचं वाक्य मला पाठ होतं. ते येणार हे मला माहीत होतं, डिगूभाऊंनी ते नाटकासाठी, कवितेसाठी लिहिलं होतं.

"आता काहीच दुखत नाही," शिरीष म्हणाला. "इतकी शांतता मला वर कधी मिळाली नव्हती."

मोठीमाय गप्प झाली. ह्या जागेत म्हातारीचं एक लांब भाषण होतं, त्यामुळे डिगूभाऊंनी फार मोठी जागा सोडलेली. नुसता वारा वाहत राहिला. मोठीमायचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. तिने माईकच्या दांड्याला हात लावला, एखाद्याच्या दंडाला लावावा तसा. मी तिच्या डोळ्यांकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, रड. रड ना. सगळे झाले, तू एकटी राहिलीस.

"मला परत न्यायला आलात का?" शिरीषने विचारलं.

वारा. चाकं फिरताहेत. डिगूभाऊ दोन्ही हात जोडून बसलेले.

"नाई," मोठीमाय म्हणाली.

तिने एक श्वास घेतला. "साऱ्यांनी रडून घेतलं. गाव रडलं. मी नाई रडत. मी रडली तं तुले यावं लागंल, अन् मंग पुन्हा ते नळ्या, पुन्हा ते सुया, पुन्हा तू वरडशीन, माय मले सोडव. मले नाई सोडवता येत, बाप्पा. तू ऱ्हाय तिथं. निज." आणि मग आम्हा सगळ्यांना सांगितल्यासारखं, "राहू द्या त्याले."

शिरीषचं शेवटचं वाक्य यायला थोडा वेळ लागला.

"मग दिवे मालवा," तो म्हणाला. त्यानंतर वाराही थांबला.

मोठीमायने हेडफोन काढले, नीट गुंडाळून माझ्या हातात दिले. मग ती सरकीच्या पोत्यांपाशी गेली, खाली बसली आणि रडायला लागली. असं रडणं मी पूर्वी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही. त्याला सूर नव्हता, शब्द नव्हते, ते नुसतं तिच्यातून बाहेर येत होतं. एवढं मोठं गोदाम, पण ते कुठे घुमलं नाही. कौसल्यामावशी धावत गेली आणि तिला कवेत घेऊन म्हणत राहिली, "रडली गं माय, माही बाई रडली." मीही तिथेच भिंतीला टेकून रडले. डिगूभाऊ खुर्चीवर बसून रडत होते आणि यंत्र बंद करायचं त्यांना सुचलं नव्हतं. चाकं फिरतच होती.

खूप वेळाने सगळं शांत झालं. मावशीने माठातलं पाणी आणून दिलं. मोठीमायने तोंड धुतलं, पदराने पुसलं. तेव्हा कुठे डिगूभाऊंचं यंत्राकडे लक्ष गेलं. त्यांनी खटका दाबला, फीत मागे घेतली, जरा ऐकली, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "तुमचं रडणं आलंय. सगळं आलंय फितीवर. म्हणजे म्हातारी रडलीच ना शेवटी? मी त्याला वर आणतो. देता का परवानगी?"

मोठीमाय उठून त्यांच्यापाशी आली. फिरून थांबलेल्या चाकाकडे तिने पाहिलं.

"कुठवर हाय ते? माह्या रडन्याचं?"

डिगूभाऊंनी बोटाने दाखवलं. इथपासून इथपर्यंत.

"ते कापून टाका."

"वहिनी, असं रडणं पुन्हा..."

"कापा, बाप्पा," ती म्हणाली. "राह्यलं तं येईन तो. लय दुखलं त्याले."

डिगूभाऊंनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग खणातून पातं काढलं. फितीची टोकं मी धरली. त्यांनी एकदा इथे कापलं, एकदा तिथे कापलं आणि वर चिकटपट्टी लावली. मधला लांब तपकिरी तुकडा टेबलावरून खाली लोंबत राहिला.

"लावा आता," मोठीमाय म्हणाली. "पाहू द्या मले."

त्यांनी लावलं. 'राहू द्या त्याले,' फितीवरची म्हातारी म्हणाली. 'मग दिवे मालवा,' शिरीष म्हणाला. त्यानंतर काही नव्हतं. मोठीमाय मान तिरकी करून ते काही नसणं ऐकत उभी राहिली, फीत सुटून चाकावर फटफट करायला लागेपर्यंत.

"थोडंसं बी राह्यलं नाई ना?"

"नाही, वहिनी."

"बरं झालं." तिने पदर सारखा केला आणि बहिणीला हात दिला. "चाल, कौसल्या. सैपाक व्हायचा हाय. दोघींचाच टाक."